स्वयंपाकघराच्या वाट्याचा स्पीकर

इन्स्पेक्टरांनी नवा कॉम्प्युटर घरी आणला तो एका खोक्यात नव्हे, आठ खोक्यांत. दुकानाच्या माणसांनी ती खोकी जिन्यावरून वर आणून हॉलमध्ये रचली आणि घाम पुसत निघून गेली. इन्स्पेक्टरांनी चष्मा लावला, पावतीमागची यादी उघडली आणि एकेका खोक्यापुढे उभं राहून बरोबरच्या खुणा करायला सुरुवात केली.

इन्स्पेक्टर म्हटलं की नवा माणूस आधी जरा सावरून बसायचा, आणि ते वजनमापांचे इन्स्पेक्टर होते हे कळलं की तितकाच हिरमुसायचा. पण त्यांची नोकरी काही साधी नव्हती. बाजारातल्या प्रत्येक दुकानातली वजनं, मापं, तराजू तपासायचे, खरे असतील त्यांवर शिक्का ठोकायचा, खोटे असतील ते जप्त करायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरात साखर आली की त्यांचा हात आपोआप पुडा तोलून बघायचा.

"अहो, पण हे आहे तरी काय नेमकं?" त्यांच्या पत्नीने विचारलं. प्रत्येक खोक्यावर एकच निळं, चमकतं लेबल होतं. त्यावर लिहिलं होतं 'मल्टिव्हो होम'.

"तेच तर शोधून काढायचंय," इन्स्पेक्टर म्हणाले. "दुकानातल्या त्या पोराला मी तीनदा विचारलं, की बाबा रे, यातलं मल्टिव्हो कुठलं? तो म्हणतो, सर, मल्टिव्हो ही वस्तू नाही, तो एक अनुभव आहे."

"मग?"

"मग मी म्हटलं, अनुभव किती नग? तर हसायला लागला."

खोक्यांतून निघालं ते असं. एक कॉम्प्युटर, त्याच्या कपाळावर पुन्हा तेच लेबल. एक रुंद पडदा. एक रिमोट, त्याला एक्कावन्न बटणं, मधोमध एक मोठं हिरवं. पाच छोटे स्पीकर आणि एक भलामोठा काळा ठोकळा, जो उचलताना इन्स्पेक्टरांच्या कमरेने तक्रार केली. तीन डिस्का. तीस दिवस कसलीतरी सेवा फुकट मिळण्याची चिठ्ठी, जी त्यांनी लगेच फायलीत लावली. आणि अकरा भाषांतली एक माहितीपुस्तिका. त्या अकरांत आपली भाषा नव्हती.

हा सगळा खटाटोप त्यांनी कशासाठी केला हे पत्नीला पक्कं ठाऊक होतं. आणि ठाऊक होतं म्हणूनच तिला ती खोकी उघडायची मुळीच घाई नव्हती.

तिला आळीतले सगळे ऑपरेटरबाई म्हणत. एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सात नंबरच्या बोर्डावर बसली होती. कानाला हेडफोन, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, समोर लुकलुकणारे दिवे. त्या काळात लांबच्या गावी बोलायचं तर आधी ऑपरेटरशी बोलावं लागे, आणि माणसं बोलायला लागली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं असे. पण बाजूला होता होताही कानावर पडायचं ते पडायचंच. जन्म, मरण, परीक्षेचे निकाल, ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं. नुसत्या आवाजावरून समोरचा बसलाय की उभा आहे हे ती सांगायची, आणि मैत्रिणी पैजा लावून हरायच्या.

त्या कानांना सहा वर्षांपूर्वी काहीतरी झालं. ऐकू येत नव्हतं असं नव्हे. ऐकू सगळं येई, पण कळत नसे. एकटा माणूस समोर बसून बोलला तर ठीक. फोनवर तर अगदी पूर्वीसारखं, शब्दन् शब्द. पण बोलण्यात दुसरा आवाज मिसळला, पंखा, गर्दी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे संगीत, की शब्द त्यात विरघळून जात आणि हाती नुसता गोंगाट उरे. फोनवर नीट ऐकते म्हणून कोणाला शंका आली नाही, आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही. ऑपरेटरबाईला ऐकू येत नाही, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती? चारचौघांत बसली की इतर हसल्यावर ती किंचित उशिरा हसायची, आणि कोणी तिच्याकडे बघितलं की म्हणायची, "अगदी, अगदी." या दोन शब्दांवर तिने सहा वर्षं काढली होती.

लेकीपुढे मात्र हे दोन शब्द पुरत नव्हते.

लेक दूरच्या शहरात राहायची आणि परभाषेतल्या सिनेमांतल्या बायकांना आपल्या भाषेत आवाज द्यायची. पडद्यावरची बाई ओठ हलवते, आणि ही अंधाऱ्या खोलीत उभी राहून त्या ओठांवर आपले शब्द बसवते. हे ती कुठे शिकली असं कोणी विचारलं की सांगायची, आईकडे. लहानपणी ती खेळण्यातल्या फोनवर बडबडायची तेव्हा आई म्हणायची, "पलीकडच्याला तुझं तोंड दिसत नाही, असं समजून बोल. हसलीस तर हसू आवाजात आलं पाहिजे." चार वर्षांत तिच्या कामाच्या नऊ डिस्का घरी आल्या होत्या. प्रत्येक डिस्क हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर लागली, प्रत्येक वेळी ऑपरेटरबाई पडद्यापुढे दोन तास ताठ बसली, आणि प्रत्येक वेळी पार्श्वसंगीताने तिच्या लेकीला गिळून टाकलं. मग फोन यायचा. "आई, कसं झालंय?" आणि ही म्हणायची, "छान झालंय गं."

गेल्या आठवड्यातल्या फोनवर लेकीने ते 'छान' ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुला माझं काम आवडत नसेल तर तसं सांग ना. लहानपणी माझी कविता चुकली तर तू मला तीनदा म्हणायला लावायचीस. आता नुसतं छान म्हणतेस. नऊच्या नऊ छान. परक्या बाईशी बोलावं तशी बोलतेस तू माझ्याशी."

"अगं, तसं काही नाही."

"एका लांबलचक मालिकेत मुख्य बाईचा आवाज विचारलाय मला. सोमवारी हो की नाही कळवायचंय. मला वाटतं नाही म्हणावं. जिने मला बोलायला शिकवलं तिलाच माझ्या आवाजाबद्दल सांगण्यासारखं काही नसेल, तर माझ्यात काही नसेलच. रविवारी घरी येते. शेवटच्या डिस्कमधला सिनेमा तुझ्याशेजारी बसून बघणार आहे. मग तोंडावर सांग."

आईने फोन ठेवला. इन्स्पेक्टरांनी एवढंच ऐकलं होतं की लेक रविवारी येतेय आणि सिनेमा बघायचाय. ते दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले. पोरीचा आवाज घरात चांगला वाजला पाहिजे, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू होता.

माहितीपुस्तिकेतली अक्षरं डोक्यावरून गेली, तेव्हा इन्स्पेक्टर चित्रांकडे वळले. चौथ्या पानावर एक चौकोन होता. मध्ये सोफा, भोवती पाच स्पीकर, आणि सोफ्यापासून तुटक रेघा निघून चौकोनाचे भाग पाडलेले. इन्स्पेक्टरांनी ते चित्र उजेडात धरलं, तिरकं करून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"नकाशा आहे हा! घराचा नकाशा. या तुटक रेघा म्हणजे भिंती. पाच खोल्या, पाच स्पीकर."

"आणि मधला सोफा?"

"सोफा म्हणजे राहणारी माणसं. खूण असते ती."

योगायोग असा, की त्यांच्या घरात पॅसेज धरून बरोबर पाचच खोल्या निघत. आणि एका खोलीला पाच आणि बाकीच्यांना भोपळा, हे इन्स्पेक्टरांच्या तत्त्वात मुळीच बसणारं नव्हतं. त्यांनी चाळीस मीटर वायर आणली, छोट्या खिळ्यांच्या क्लिपा आणल्या आणि दोन दिवस स्टुलावर चढून भिंतीच्या कडेकडेने ती वायर अशी सरळ नेली, की पट्टी लावून बघितली तरी वाकडी निघाली नसती. एक स्पीकर हॉलला. एक झोपायच्या खोलीला. एक लेकीच्या जुन्या खोलीला, एक पॅसेजला. काळा ठोकळा चपलांच्या कपाटाखाली गेला, कारण तो दुसरीकडे कुठे मावेना.

पाचांतला एक स्पीकर इतरांपेक्षा जरा रुंद होता. तो त्यांनी स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फळीवर बसवला.

"हा तुला," ते स्टुलावरून उतरत म्हणाले. "तू जास्त वेळ इथे असतेस."

हा माणूस पुड्यातली साखर जोखतो तशी आपल्या उठण्याबसण्याचीही मोजदाद ठेवतो, हे तिला त्या क्षणी फार बरं वाटलं.

बुधवारी दुपारी लेकीची शेवटची डिस्क लावायची ठरली. ऑपरेटरबाई भाजीचं निमित्त करून स्वयंपाकघरातच राहिली. हॉलमध्ये बसून पुन्हा ते दोन तासांचं नाटक करायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती शेंगा सोलायला बसली. बाहेर हिरवं बटण दाबल्याचा आवाज झाला. मग कपाटातल्या चपला थरथरायला लागल्या. झोपायच्या खोलीत व्हायोलिनं सुरू झाली, लेकीच्या खोलीत पाऊस पडू लागला, पॅसेजमधून एक घोडागाडी गेली.

आणि मग ओट्यावरच्या फळीवरून, तिच्या डोक्याच्या जेमतेम हातभर वर, एक बाई म्हणाली, "तुम्ही आलात. दार उघडंच आहे."

ऑपरेटरबाईच्या हातातली शेंग खाली पडली. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "एक्स्चेंज. बोला." एकतीस वर्षांची सवय ती.

फळीवरची बाई बोलत राहिली. एक म्हातारा तिला उत्तर देत होता. संगीत नाही, पाऊस नाही, गर्दी नाही. नुसती माणसं, नुसते आवाज, कानाशी, जसे सात नंबरच्या बोर्डावर असायचे तसे. प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. आणि त्या बाईचा आवाज तर तिने जन्माच्या आधीपासून पोटात वाढवलेला होता. चार वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या लेकीला काम करताना ऐकत होती.

ती उठली, शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं, स्टूल फळीखाली ओढलं आणि वर तोंड करून बसली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिने पुसलंसुद्धा नाही.

"अगं!" हॉलमधून इन्स्पेक्टरांची हाक आली. "सगळे मुके आहेत यात! ओठ हलतात, पण कोणी बोलत नाही. नुसता बॅंड वाजतोय अर्धा!"

आता खरं तर तिने सांगायला हवं होतं, की अहो, बोलणं सगळं इकडे आलंय. पण ते सांगितलं तर ते इथे येतील, मग कारण शोधतील, मग दुरुस्त करतील, आणि सगळं पुन्हा हॉलमध्ये जाईल. कानांखेरीज जन्मात कधी काही न लपवलेल्या त्या बाईने हळूच स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"पुन्हा लावून बघा बरं," ती आतून म्हणाली. "सुरुवातीपासून. कदाचित सुधारेल."

बुधवारी तो सिनेमा तीनदा लागला. गुरुवारी तिने जुन्या डिस्का काढायला लावल्या, सगळ्या एकेक करून. "दोष डिस्कमध्ये आहे की मशीनमध्ये, ते कळायला नको का?" असं ती म्हणाली, आणि तपासणीची पद्धत शास्त्रशुद्ध असल्यामुळे इन्स्पेक्टरांना ती एकदम पटली. ते बिचारे मुक्या माणसांपुढे वही घेऊन पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत नोंदी करत बसले. आणि ती दाराआड नऊच्या नऊ बायकांना भेटली. एक राणी, दोन डॉक्टर, एक चोर, एक आंधळी गायिका. प्रत्येकीत तिची लेक होती. बहुतेक ठिकाणी ती इतकी चांगली होती की ऑपरेटरबाईला कोणाचे आभार मानावेत कळेना, म्हणून तिने फळीवरच्या त्या रुंद डब्यावरची धूळ पदराने पुसली.

शुक्रवारी सकाळी इन्स्पेक्टरांनी कंपनीला बोलावून घेतलं. आली ती चाळिशीची एक बाई, खांद्याला मोठी बॅग, केसांत खोचलेला स्क्रूड्रायव्हर. तिने डिस्क लावली, पडद्यापुढे क्षणभर उभी राहिली, कान टवकारले, आणि वायरीच्या मागे मागे चालायला लागली. झोपायच्या खोलीत गेली. लेकीच्या खोलीत गेली. पॅसेजमध्ये थांबून वर बघितलं. शेवटी तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं, तेव्हा ऑपरेटरबाई स्टुलावर बसलेली होती आणि वर आंधळी गायिका डॉक्टरशी भांडत होती.

"अच्छा! डायलॉग इथे राहायला आलेत होय!" ती कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "काका, कमाल केलीत. लोक पाची स्पीकर एकाच कपाटावर रांगेत लावतात, ते रोज बघते मी. पण घरभर वाटणी केलेली पहिल्यांदाच पाहिली. आणि वायरिंग काय सुंदर केलंय!"

इन्स्पेक्टर कानापर्यंत लाल झाले. "पण नकाशात तर..."

तिने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि न हसता समजावून सांगितलं. हे चित्र एकाच खोलीचं आहे. तुटक रेघा भिंती नाहीत, आवाज कुठून येतो ते दाखवतात. सिनेमाचा आवाज तुकड्यांत येतो. संगीत डाव्या-उजव्या स्पीकरमधून, पाऊस आणि गाड्या मागच्या दोघांतून, धडधड त्या ठोकळ्यातून. आणि बोलणं सगळं येतं मधल्या, रुंद स्पीकरमधून. पाची एकाच खोलीत असले तर ते एक होतं. वेगळे काढले की असं होतं.

"आणि मल्टिव्हो?" इन्स्पेक्टरांनी मनात सलत असलेला प्रश्न शेवटी विचारलाच. "ते यातलं कुठलं?"

"कुठलंच नाही, काका. ते नुसतं लेबल आहे. आत हा अमुक ताकदीचा कॉम्प्युटर, हे अमुक कार्ड, हा रिमोट, हे स्पीकर, हा प्रोग्रॅम, आणि हे सगळे एकमेकांशी जुळतात हे आम्ही तपासलंय, एवढंच त्याचं म्हणणं. सुटं सुटं घेतलं असतं तरी हेच सामान आलं असतं. फक्त जुळेल की नाही याची खात्री कोणी दिली नसती."

इन्स्पेक्टर ताडकन उभे राहिले. "म्हणजे शिक्का!"

"कसला शिक्का?"

"आमचा! अहो ताई, जन्मभर मी तेच केलं. वजनावर शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे वजन नव्हे, हे वजन खरं आहे एवढंच तो सांगतो. हे त्या दुकानातल्या पोराने सरळ सांगितलं असतं तर! म्हणे अनुभव!" त्यांनी कॉम्प्युटरच्या कपाळावरच्या लेबलावरून प्रेमाने बोट फिरवलं. इतके दिवस ज्याचा राग येत होता तो आपलाच धंदाबंधू निघावा, तसे ते खूश झाले.

अर्ध्या तासात पाची स्पीकर हॉलमध्ये आपापल्या जागी बसले. स्वयंपाकघरातली फळी मोकळी झाली. ताईंनी ऑपरेटरबाईला सोफ्याच्या मधोमध बसवलं, डिस्क लावली आणि आवाज मोठा केला.

व्हायोलिनं चहूकडून आली. पाऊस पाठीमागे पडू लागला. पडद्यावरच्या बाईने ओठ हलवले, आणि ऑपरेटरबाईच्या कानांत सगळं पुन्हा एकमेकांत विरघळून गेलं. लेक गेली. दोन दिवस भेटली होती, ती परत बुडाली.

"वा!" इन्स्पेक्टर टाळी वाजवून म्हणाले. "काय बोलतेय आपली पोरगी! ऐकलंस ना?"

"अगदी, अग..." ती म्हणाली, आणि दुसरा शब्द तिने अर्ध्यावरच सोडला.

परवा लेक याच सोफ्यावर शेजारी बसणार होती. तोंडाकडे बघणार होती. आणि हिने पुन्हा छान म्हटलं की सोमवारी ती फोन उचलून नाही म्हणून मोकळी होणार होती. नऊ बायका ऐकून झाल्यावर आता हे गप्प राहून होऊ देणं तिला शक्य नव्हतं.

"अहो, बंद करा ते," ती म्हणाली. "मला इथे एक अक्षर कळत नाहीये."

इन्स्पेक्टरांनी रिमोट दाबला. खोली एकदम शांत झाली.

"सहा वर्षं झाली. संगीत आलं की शब्द कळत नाहीत मला. तिची एकही डिस्क मी ऐकलेली नाही. नुसतं छान छान म्हणत आले. परवा पहिल्यांदा ऐकली, तीही तुम्ही तो डबा स्वयंपाकघरात लावलात म्हणून. तिथे नुसतं बोलणं येत होतं. मी मुद्दाम दार लावून घेतलं होतं." एवढं एका दमात सांगून तिने पदर तोंडाशी धरला. परक्या बाईदेखत आपण हे बोललो, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

इन्स्पेक्टरांनी रिमोट खाली ठेवला. मग उठले, मधला रुंद स्पीकर उचलला, आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागले.

"काका, थांबा," ताई म्हणाल्या. "तो तिकडे नेलात तर तुम्ही पुन्हा मुक्यांचा सिनेमा बघाल. दोन्हीकडे करता येईल."

त्यांनी आधी पडद्यावर एक पान उघडून मधल्या स्पीकरचा आवाज वाढवून बघितला. ऑपरेटरबाईला थोडं कळलं, पण थोडंच. मग त्यांनी बॅगेतून एका टोकाची दोन टोकं करणारा छोटा जोड काढला, त्याबरोबर स्वतःचा एक जुना, ओरखडे पडलेला स्पीकर काढला. हॉलमधल्या मधल्या जागेसाठी तो जुना. रुंद, नवा पुन्हा फळीवर. बोलणं दोन्हीकडे जाईल.

"हा परत कधी देऊ?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"राहू दे. माझ्या सासऱ्यांनी वापरलेला आहे तो. त्यांचंही असंच होतं, काकू. आम्हाला फार उशिरा कळलं, त्यांनी सांगितलंच नाही. तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. आता कानांच्या डॉक्टरांनाही दाखवा, यावर मशीन मिळतात."

"दाखवू," इन्स्पेक्टर म्हणाले. "माल अस्सल आहे, पण तपासणी वेळेवर व्हायला हवी होती. ती माझी चूक." आणि स्टूल घेऊन ते क्लिपा पुन्हा ठोकायला गेले. त्या दिवशी प्रत्येक क्लिप त्यांनी जरा जास्तच घट्ट ठोकली. ऑपरेटरबाईने ताईंचा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्यांना जेवू घालूनच पाठवलं.

रविवारी दुपारी लेक आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि ती सोफ्यावर जाऊन बसली. शेजारची जागा तिने हाताने थोपटली.

"तू बस बाबांजवळ," आई म्हणाली. "मी आत बसते."

लेकीचा चेहरा पडला. "म्हणजे आता शेजारीसुद्धा बसायचं नाही?"

इन्स्पेक्टर काही बोलणार होते, पण पत्नीने नुसती मान हलवली तसं त्यांनी हिरवं बटण दाबलं. सिनेमा सुरू झाला. दोन तास इन्स्पेक्टरांनी नव्या मशीनवर लेकीचा सिनेमा पहिल्यांदाच सगळ्या शब्दांसकट धड बघितला, आणि लेकीने मात्र पडद्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराकडेच जास्त बघितलं. शेवटची अक्षरं सरकायला लागली तशी ती उठून आत गेली.

आई फळीखालच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर इन्स्पेक्टरांची नोंदवही होती आणि तिच्यात पेन्सिलीने काही काही लिहिलेलं होतं.

"बस," आईने दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "आधी एक सांगते. चार वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलले." आणि तिने ते सगळं सांगितलं, कान, संगीत, छान, आणि हा फळीवरचा डबा. लेकीने मध्येच तोंड उघडलं, तर हिने हात वर केला. "थांब. लाइन माझ्याकडे आहे अजून."

तिने वही उघडली.

"राणीचं काम उत्तम आहे. आंधळ्या गायिकेचं तर असं आहे, की मी शेंगा सोलायच्या विसरले. चोर जरा घाईत बोलते, पण चोर आहे, चालेल. आता आजचा सिनेमा. ती बाई बंदरावर असते आणि तिला फोन येतो, की जहाज बुडालं. तिथे तू चुकलीस."

लेक स्टुलावर सरळ झाली. "कुठे?"

"तिला बातमी कळते आणि तुझा आवाज लगेच रडायला लागतो. बाई, तसं होत नाही. एकतीस वर्षं मी ऐकलंय. किती माणसांना मी असे फोन जोडून दिले असतील. लगेच कोणी रडत नाही. आधी माणूस फार सभ्य होतो. 'बरं' म्हणतो. 'बरं, बरं. कळलं.' मग सांगणाऱ्याचे आभार मानतो. कितीजणांनी तर मला थँक्यू म्हटलंय, ऑपरेटरला, अशा वेळी. अगदी नीट, पाहुण्यांशी बोलावं तसं. आणि त्यानंतर मग बांध फुटतो. तू ते मधलं सगळं सोडून दिलंस. रडणं तुला येतं, ते सगळ्यांनाच येतं. त्याच्या आधीचं ते 'बरं' तुझ्यासारखीला यायला हवं. सोमवारी त्यांना हो म्हण, आणि पुढच्या वेळी ते कर. आता म्हणून दाखव. तीनदा."

बाहेर हॉलमध्ये इन्स्पेक्टरांनी रिमोटवरचं हिरवं बटण दाबलं आणि मशीन बंद झालं. चपलांच्या कपाटातसुद्धा काही हललं नाही.

लेक आईकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली आणि ओढणी नीट केली.

"बरं," ती म्हणाली.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बरं, बरं. कळलं, आई. थँक्यू."

ऑपरेटरबाईला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. यानंतर बांध फुटतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने वही बाजूला ठेवली, ओट्यावरचा पंचा हातात घेतला आणि स्टूल लेकीच्या अगदी जवळ ओढून घेतलं.